पिस्ता रंगाची भिंत

३ जुलै १९८८, रविवार. अमळनेर.
आज स्वतंत्र झालो. दोन वर्षं धुळ्याला मेहुण्याच्या माडीवर काढली. आजपासून माझं घर. भाड्याचं, जुनं, मातीच्या भिंतींचं, पण माझं. निघताना बायकोचे, म्हणजे कोकिळाचे, थोरले बंधू मोतीलालभाऊ म्हणाले, पाव्हणं, नाही जमलं तर माडी रिकामीच ठेवतो. वरून हसलो. आतून पेटलो.
कोकिळा अजून तिकडेच. एकवीस ऑगस्टला येऊन घर बघणार. पसंत पडलं तर राहणार. नाही तर पुन्हा माडी आणि मी रोज एस.टी.ने धुळे–अमळनेर. असं आमचं ठरलं आहे. म्हणजे तिचं ठरलं आहे. सात आठवडे हातात. भरपूर झाले.

९ जुलै, शनिवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.
आराखडा तयार. पुढची खोली म्हणजे ड्रॉइंगरूम. ऑफिसातल्या एका मासिकात वाचलं: तीन भिंती साध्या ठेवायच्या, चौथी रंगीत. रंग पिस्ता. ऑइलपेंट. मधोमध हंसांच्या जोडीची फ्रेम (लग्नात आलेली). अडचण एकच. त्या भिंतीत बरोबर मधे एक देवळी आहे. हातभर उंच, काजळी धरलेली, रिकामी.
घरमालकीण धुरपदाबाई मागे स्लॅबच्या नव्या घरात राहतात. सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना देवळीचं विचारलं. म्हणाल्या, भाऊ, बठ्ठं घर तुमनं, पण त्या देवळीले हात लावानं नही, ती कानबाईनी शे.
कानबाई ही इकडची देवी, मला माहीत आहे. श्रावणात घरोघरी तिची स्थापना होते, निम्मं ऑफिस तिच्यासाठी रजा टाकतं. आमच्याकडे ती बसत नाही, पण मला आदर आहे. यंदा बसेल मागच्या घरात. तिथे पंखाही आहे.
उद्यापासून पहाटे पाचला उठून रोज एक तास काम.

१० जुलै.
सव्वाआठला उठलो. सामान हलवल्याचा शीण.

१९ जुलै.
शीण अजून आहे.

२४ जुलै, रविवार.
सुपडू पेंटरला बोलावलं. देवळी बुजवायची म्हटल्यावर त्याने चहाचा कप अर्धा खाली ठेवला. म्हणे, हाई काम मी नही करसू साहेब, मना घर बी कानबाई बसस. वर सल्ला: मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट धरत नाही, चुना मारा. चुना! या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही हेच खरं. सगळं स्वतः करणार. मेहनत आपली, श्रेयही आपलंच.

३१ जुलै, रविवार.
अक्का धरणगावला लेकीकडे गेल्या, नागपंचमीनंतर येणार. संधी साधली. आठ विटा, घमेलंभर सिमेंट. देवळी गायब. मधे जरासा फुगवटा आलाय, तो फ्रेमखाली झाकला जाईल. हात लावायचा नाही म्हणाल्या होत्या. मी हात लावलाच नाही. थापी लावली.

७ ऑगस्ट, रविवार.
पिस्ता झाला! दारातून बघितलं, खिडकीतून बघितलं, रस्त्यावर जाऊन बघितलं. कोकिळाला पत्र टाकलं की घर ओळखू येणार नाही. धरत नाही म्हणे. कसा धरलाय बघा.

१२ ऑगस्ट.
धरला होता. पाच दिवस. आता भिंतीला पुरीसारखे फोड आलेत. ओल असावी. फ्रेमचा खिळा ठोकला, तो पोपड्यासकट बाहेर आला. काच फुटली. एक हंस वाचला.

१८ ऑगस्ट, गुरुवार.
अक्का आल्या. हातात चुन्याची बादली आणि कुंचा. रविवारची तयारी करायची म्हणाल्या. सुरतेहून तिन्ही मुलं येणार, भाऊबंद येणार, कानबाई इथेच बसणार. याच घरात, याच देवळीत. त्यांच्या सासूच्या सासूपासून ती इथेच बसते. नवं घर माणसांचं आहे.
फुगवट्यावरून त्यांनी हात फिरवला. मग उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी एका रंगीत भिंतीची कल्पना समजावू लागलो, ती अर्ध्यावरच सोडली. फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, ज्यानी बुजाडी त्यानीच उघाडानी. शनिवारनी सांज व्हवाना आधी. नही ते सोमवारे सामान उचला.
डोळ्यांसमोर मोतीलालभाऊंची माडी उभी राहिली.

१९ ऑगस्ट.
रजा. छिन्नी, हातोडा. दिवसभरात दोन विटा. सिमेंट भलतंच पक्कं बसलंय. आयुष्यात माझ्या हातून एवढं टिकाऊ काम दुसरं झालेलं नाही.

२० ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.
शेवटची वीट चारला निघाली. अंगठा ठेचला. अक्कांच्या सुनांनी खुरप्यांनी पिस्ता खरवडला, वरून शेणामातीचा हात दिला. सुपडू न बोलावता आला आणि चुना मारून गेला. चहा पूर्ण प्यायला. भिंत पांढरी, मधे देवळी. घर बरोबर तीन जुलैला होतं तसं दिसतंय.

२१ ऑगस्ट, रविवार.
अकराच्या गाडीने कोकिळा आली. सोबत मोतीलालभाऊ. घरात चाळीस माणसं. देवळीत कानबाई बसलेली, नथ घातलेली, फुलांनी झाकलेली. बायका गाणी म्हणत होत्या. कोकिळा दारातच थांबली, मग चपला काढून त्यांच्यात जाऊन बसली. तासाभराने गाण्यात तिचाही आवाज होता. मोतीलालभाऊ भिंतीला टेकून बसले. जाताना एवढंच म्हणाले, माडी आता भाड्याने देऊन टाकतो.
दुपारी कोकिळा देवळीकडे बघत म्हणाली, किती छान घर आहे हो. तुमचं पत्र वाचून मला धडकी भरली होती. बरं झालं, तुम्ही इथे काही करायला गेला नाहीत.
मी अंगठा पाठीमागे नेला. अक्का तिथेच होत्या. पदर सावरत म्हणाल्या, भाऊ भलता गुणी शे, कसालेबी हात लाया नही.
अर्धा डबा पिस्ता शिल्लक आहे. सुपडूला देऊन टाकावा.