टिअर्नी पुढच्या दारानं येतात

प्रिय डेस्मंड,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, धाडवत नाही. घर विकण्यासाठी तू मागितलेली जुनी कागदपत्रं काढली आणि डोकंच चालेनासं झालं. त्या जुन्या काळी कायद्यानं कॅथलिकांना जमीन घ्यायची बंदी होती, म्हणून टिअर्नींनी हे घर घेतलं ते तुझ्या-माझ्या प्रोटेस्टंट खापरपणजोबांच्या नावावर, नुसत्या विश्वासानं. परत दिल्याचा कागद कुठेच नाही.

सगळा गाव स्वयंपाकघराच्या दारानं येतो, टिअर्नी तेवढे पुढच्या. आपण हसायचो ना त्यांना?

आज मलाकी टिअर्नी अंडी घेऊन आला, तेव्हा विचारलंच, "तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! तुम्ही कधी विचारताय, तेच बघत होतो, बाई. चहा टाका."

टाकला. पण आमच्यात पाहुणं कोण, तेच कळेना.

तुझी गोंधळलेली बहीण,
ऑलिव्ह