तारखेचा अध्याय

बाबा, काल आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बाया घरी आल्या होत्या आणि मला दिवसभर तुमचीच आठवण येत राहिली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या स्वयंपाकघरातली सकाळ अजून जशीच्या तशी आहे. आई तव्यासमोर, तुम्ही गांधीबागेतल्या दुकानात जायच्या इस्त्रीच्या कपड्यात पाटावर, मांडीवर शास्त्र, म्हणजे आपलं बायबल. "आज तारीख काय गा?" हे तुम्ही कुणालाही विचारायचे, कधी भिंतीलासुद्धा. जी तारीख तो त्यातल्या नीतिसूत्रांचा अध्याय, असा तुमचा नेम. शहाणपण मागायचं तर रोज मागावं, सणासुदीला मागून मिळत नाही, असं तुमचं म्हणणं. एकतिसावा, शेवटचा अध्याय गुणी बायकोचा. तीस दिवसांचा महिना आला की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "घ्या! या महिन्यातबी माझं कौतुक बुडालं." तुम्ही हसायचे, पण नेम मोडून तो अध्याय तुम्ही एकदाही आधी वाचला नाही. असे हट्टी तुम्ही.

आणि त्याच हट्टापायी शेजारच्या काकांच्या घरी ते घडलं. काकांचा मुलगा गेला तो दिवस. परीक्षेच्या निकालावरून काकांनी आदल्या दिवशी त्याच्या दोन थोबाडीत मारल्या होत्या. तो रागानं सायकल घेऊन निघाला आणि ट्रकखाली आला. आख्ख्या मोहल्ल्याला हे ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. संध्याकाळी सगळे सतरंजीवर बसलेले आहेत, काका भिंतीला टेकून आहेत, आणि कोणीतरी तुम्हाला म्हणतं, दोन शब्द वाचा. तुम्ही शास्त्र उघडता. तारीख तेरा. तुम्ही तेरावा अध्याय काढता आणि वाचत सुटता, तुमच्या त्या खणखणीत आवाजात, मुलाला छडी न लावणारा बाप त्याचा वैरी असतो त्या ओळीपर्यंत. आई तुमच्या पुस्तकावर हात ठेवते. "बंद करा जी ते." काका उठतात, मागच्या अंगणात जातात, आणि तिथून जो आवाज येतो तो मला अजून ऐकू येतो. बाबा, त्या घडीला मला तुमची इतकी लाज वाटली की मी तुमच्याकडे पाहिलंच नाही.

घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. म्हणालात, "वचन तर खरंच होतं." आई म्हणाली, "खरं असंल. पण जागा पाहून बोला ना." दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं की तुम्ही घरी न येता काकांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलात. पुस्तक न घेता. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही तिथं रोज बोलता काय?"

"काहीच नाही."

"मग जाता काहून?"

"बोलून आलो होतो ना वं, म्हणून जातो."

पुढे कितीतरी महिने तुमचं जेवण उशिरा झालं. सकाळी नीतिसूत्रं चालूच होती, पण आता रात्री त्याच शास्त्रातलं ईयोबाचं पुस्तकही उघडायला लागलात. तो नीतिमान माणूस, कसलाही गुन्हा नाही, आणि लेकरं गेली, अंग फोडांनी भरलं, राखेत बसला. समजूत घालायला मित्र आले. तुम्ही आईला म्हणालात, "पाह्य, सात दिवस त्याच्या दोस्ताईनं तोंड उघडलं नाही. तितकेच दिवस ते शहाणे होते. मंग बोलाले लागले आन् सगळा बट्ट्याबोळ!" आई म्हणाली, "समजलं म्हणायचं तुम्हाले." तुम्ही मान हलवलीत. सकाळचं पुस्तक म्हणतं, सरळ चाल, तुझं बरं होईल. रात्रीचं म्हणतं, सरळ चाललास तरी काही सांगता येत नाही. एकाच शास्त्रात ही दोन्ही कशी, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोन्ही लागतात, बाई." मला तेव्हा वाटलं, चला, टाळलं यांनी.

आता कालचं सांगते. माझी लेक, तुमची नात, बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. रामदासपेठेतल्या दवाखान्यात सगळं ठीक म्हणत होते. मुलगी झाली आणि दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टरांनी समजावलं, पण काय समजावलं ते आम्हा दोघींच्याही डोक्यात शिरलं नाही. जावई कामावर गेला, रोज फोन करतो, ही "हं" म्हणते आणि ठेवते. मी बाळंतिणीसाठी आधीच करून ठेवलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच. छातीत दूध दाटतं म्हणून ती कळवळते, पण रडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मला भीती वाटायला लागली होती, बाबा. पोर हातची जाते की काय असं वाटत होतं.

बाया आल्या त्या मायेनंच आल्या. तुम्ही आज असता तर तुमच्याच वयाच्या, अशा एक मोठ्या मावशी आहेत, त्यांनी चष्मा लावला, शास्त्र उघडलं आणि म्हणाल्या, "देव नीतिमानाचं वाईट होऊ देत नाही बाई. अशा वेळी आपणच आपलं मन तपासून पाहावं." आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. मी म्हटलं, "मावशी, आज वाचन नको."

"अवं, मग आम्ही आलो कशाले?"

"बसाले."

बसल्या बिचाऱ्या. कूलर घरघरत होता, कुणाला कुठं पाहावं कळेना. सुपात गवारीच्या शेंगा निवडायच्या पडल्या होत्या. मावशींनी सूप ओढलं आणि शिरा काढायला लागल्या. मग दुसरीनं मूठभर घेतल्या. तुमची नात कधी बाहेर येऊन माझ्याजवळ बसली ते कळलंच नाही. तिनेही शेंगा घेतल्या. एक मोडली, दुसरी मोडली, आणि खालीच पाहत विचारलं, "मावशी, मी काय पाप केलं होतं वं?"

मावशींनी तोंड उघडलं. आणि बाबा, त्यांनी ते मिटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, "काही नाही केलं तू. काहीच नाही."

"मग काहून?"

"मले नाही माहीत, बेटा."

तिनं माझ्या मांडीत तोंड खुपसलं आणि रडली. किती रडली! मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. संध्याकाळी तिनं स्वतःहून नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "येऊन जा ना."

सगळ्या म्हणाल्या, मी फार शहाणपणानं वागले. तुम्हीही तसंच म्हणाल, म्हणून खरं काय ते सांगते. ते शहाणपण नव्हतं. मला खरंच माहीत नाही. बाळ गेलं त्या दिवसापासून मी देवाशी एक शब्द बोललेले नाही, मी त्याच्यावर रागावले आहे. मंडळीत मी डोळे मिटून बसते, सगळ्यांना वाटतं प्रार्थना करते. हे त्याला सांगायची अजून माझी हिंमत नाही, बाबा, म्हणून तुम्हाला लिहिलं.