ओढ्यावरचं घर

ती. दादास बदलापूरहून कुंदाचा नमस्कार.

देवीच्या कृपेने आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर आता ताब्यात आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे?

परवा अक्षदाने मला तिच्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवली. लेकीने आपल्या गावच्या खोऱ्याचा परातीएवढा नमुना बनवलाय. डोंगराच्या खडकासाठी प्लास्टर आणि ओढ्याच्या गाळासाठी मऊ रबर. यंत्राने एका कडेला बारीक धक्का दिला की तो कुठे कसा पोचतो, ते पडद्यावर रेघेत दिसतं. खडकावरची रेघ जराशी हलून शांत झाली. गाळावरची थरथरतच राहिली. "आई, भूकंपात मऊ माती अशीच जास्त हलते," ती म्हणाली. मी कुलदेवीचं नाव घेतलं, कारण तू घर त्या गाळावरच बांधलंस.

फोनवर हे सांगितलं तर तू हसलास. "कुंदे, पोरीच्या खेळण्यापायी घर पाडू काय?" पाड असं मी म्हटलंच नाही. पण लहानपणी कोयनेच्या धक्क्याने आपली मागची भिंत खाली आली होती, ते विसरलास? वरची खडकाची जागा रिसॉर्टवाल्याला विकताना, आईसाठी पक्कं घर बांधतो म्हणून तू माझी सही घेतलीस. भाऊ आहे म्हणून मी कागद वाचलासुद्धा नाही. आता तीच आई बुजवलेल्या ओढ्यावर राहते.

रागावलास तरी चालेल. रविवारी मी तिला न्यायला येते. तिची औषधं आणि चष्मा बांधून ठेव. जेवायला थांबणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
कुंदा