पाय न वाजवता

२ फेब्रुवारी

आले एकदाची माझ्या घरी! ‘माझ्या’ लिहिताना हात जरा अडखळला, पण होईल सवय. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर झोपायच्या दोन खोल्या, आणि बोळाच्या टोकाला एक चिंचोळी खोली. ती यांनी माझ्या कामासाठी रिकामी करून दिली आहे, दाराला जाड पडदासुद्धा लावलाय. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या बाईला लग्नात याहून मोठा आहेर कोणता मिळणार?

मुलं गोड आहेत. थोरला नऊ वर्षांचा. धाकटी पाच वर्षांची, तिला सगळे ठमी म्हणतात. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मला ‘मावशी’ म्हणायचं दोघांनी आपापसात ठरवून टाकलंय. मलाही आई व्हायची घाई नाही.

पण चालतात कशी! जिना उतरताना वाटतं, कपाटच गडगडत खाली येतंय. वरची जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे एकाचे दहा आवाज. हे म्हणाले, मुलं सगळी अशीच, अंगात वारं भरलेलं असतं.

९ फेब्रुवारी

इतिहासाचा धडा चारदा वाचला. सम्राट सिंहासनावर बसतो न बसतो तोच बोळातून धाड धाड धाड! परत पहिल्यापासून.

मुलं घरात इतकी दणादणा का चालतात? टाचेवर भार टाकतात, सदा घाईत असतात, आपल्या आवाजाचं भान नसतं. मनाशी असं सगळं मांडून बघितलं. पण एक गंमत लक्षात आली. रस्त्यावर ही दोघं मुकाट चालतात. अंगणातही. पाय आपटणं फक्त घरात. रिकाम्या खोलीत शिरायच्या आधी तर उंबऱ्यावर मुद्दाम दोनदा आपटतात.

१४ फेब्रुवारी

आज ठमीला मांजरपावलांचा खेळ शिकवला. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय न वाजवता गेली की एक चॉकलेट. काय खूश झाली! जीभ बाहेर काढून, हात पसरून, अगदी डोंबारणीसारखी.

थोरला जिन्यात उभा राहून बघत होता. एकदम धावत आला आणि तिचा हात धरून ओढायला लागला. असं करू नको म्हणून तिच्यावर ओरडला, मग माझ्यावरही. संध्याकाळी यांनी त्याला चांगलंच झापलं. मला वाईट वाटलं. पण रेकॉर्डिंग झालं.

१९ फेब्रुवारी

ठमी आता इतकी हलकी चालते की पाठीशी येऊन उभी राहिली तरी कळत नाही. थोरला मात्र तिच्या वाटचेही पाय आपटतो.

दुपारी मुलं शाळेत होती तेव्हाचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या वाचण्यामागे कुणीतरी अनवाणी चाललंय. हळू. पडद्यापाशी येऊन थांबलंय. फळ्या जुन्या, लाकूड आवाज करणारच. तेवढा भाग पुन्हा वाचून टाकला.

२३ फेब्रुवारी

मी शेंगा सोलत होते तेव्हा थोरला शेजारी येऊन बसला. बराच वेळ शेंगांशी चाळा केला, मग म्हणाला, “पाय वाजवले की त्याला कळतं, इथे कोणीतरी आहे. नाही वाजवले तर त्याला वाटतं, जागा रिकामी आहे.”

कोणाला, ते त्यालाही ठाऊक नाही. कधी दिसलेलं नाही. एवढंच सांगितलं की आजारात आईला सपाता घालून हळूहळू चालावं लागायचं. मग तिचे पाय वाजेनासेच झाले. त्यानंतर घरात वावरत होती ती आई नव्हती. बाबांना कळलं नाही.

मी त्याला जवळ घेतलं, आजारी माणूस कसा बदलतो ते समजावलं. त्याने मला समजावू दिलं.

२६ फेब्रुवारी

ठमीला म्हटलं, चल, आज पाय आपटायचा खेळ. तिने पाय उचलला आणि जोरात आपटला.

आवाज आला नाही.

उडी मार म्हटलं. मारली. स्टुलावरच्या चहावर साधा तरंगही उठला नाही. ती माझ्याकडे बघत होती, पुढचं काय सांगते म्हणून.

हे म्हणाले, बघ, किती शहाणी केलीस पोरीला.

२८ फेब्रुवारी

वेणी घालताना मानेला बोट लागलं की ठमी खिदळायची. आता नाही. चॉकलेट मागत नाही. थोरला तिच्या खोलीत झोपत नाही.

रिकाम्या बोळात माईक ठेवून दिला. हेडफोन लावून ऐकलं. खूप खोलवरून, जणू सात भिंतींपलीकडून — ठम, ठम, ठम. इवल्याशा टाचा. ती आहे. कुठेतरी आहे, आणि पाय आपटतेय, आम्हाला कळावं म्हणून.

मी शिकवलं तिला. मी.

१ मार्च

यांना ऐकवलं. म्हणाले, नुसती खरखर आहे. मलाच डॉक्टरांकडे नेलं. नव्या संसाराचा ताण, म्हणे.

थोरल्याला घेऊन माझ्या बहिणीकडे जायचं ठरवलं. तो यायला तयार नाही. म्हणतो, आपण इथे पाय आपटले की तिकडून ठमी उत्तर देते. आपण गेलो तर तिला वाटेल, घरात कोणीच नाही. मी बॅग परत रिकामी केली.

संध्याकाळी त्याला सणकून ताप भरला.

३ मार्च

तो उठू शकत नाही. त्याच्या पलंगाभोवती मी चालते. टाचा सुजल्यात. बसले की भीती वाटते. ठमीच्या रूपातली ती दारात बसून बघते. कंटाळत नाही.

ठमीचा आवाज पुसट झालाय. मधेच थांबते. दमली असेल —

४ मार्च

बाजारातून परत आले. अर्धा तास फक्त. औषधासाठी. यांनी सुट्टी घेतली होती, म्हणून गेले.

वर सगळीकडे गालिचा. जाड. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मला आराम पडावा, पोरालाही शांत झोप लागावी म्हणून. यांनी दोन माणसं बोलावून घातला. किती कौतुकाने दाखवत होते —

मी तो उपटला. नखं तुटली. हे ओरडत होते, मग रडायला लागले, मग खाली निघून गेले.

थोरल्याचा ताप उतरलाय. माझ्या मागे उभा आहे. कधी आला? फळ्या उघड्या आहेत, तरी कधी —

हसतोय.

नंतर

हेडफोन लावला. आता दोन आवाज आहेत. एक टाच मोठी, एक लहान. एकाच तालात. त्याने तिला शोधलं. हात धरला असेल तिचा.

थांबा रे. मी आहे इथे. ऐका, देते उत्तर —

आपटला पाय. पुन्हा आपटला. जोरात. फळी वाजत नाही —