वाऱ्याच्या देवीचा पंधरवडा

२८ फेब्रुवारी २००६, द हेग

कपडे धुवायचे नाहीत म्हणे. पंधरा दिवस! माझ्या राजसच्या त्या कोरियन मैत्रिणीचं — ह्येजिनचं — नवं खूळ. तिच्या जेजू बेटावर आजपासून वाऱ्याची देवी येते, समुद्रात शिंपल्यांचं बी पेरते आणि पौर्णिमेच्या सुमाराला जाते. तोवर कुणी होडी काढायची नाही, धुणं धुवायचं नाही. खळ घातली तर कपड्यांत अळ्या पडतात. राजस मान डोलावतो. घरी सत्यनारायणाला बस म्हटलं की याचं डोकं दुखायचं.

१ मार्च

एप्रिलमध्ये हे दोघं इथल्या नगरपालिकेत लग्नाच्या सह्या करणार. त्याआधी राजसला पुण्याला न्यायचंच. नाहीतर आले कशाला मी या थंडीत?

४ मार्च

ती सांगत होती — देवी मुलीला घेऊन आली तर हवा छान, सुनेला आणलं तर वादळ. "सेम इन इंडिया?" वर हसणं. मी हसले नाही. देवीलाही अनुभव आलेला दिसतो.

७ मार्च

मुद्दाम चार सुती साड्या धुतल्या. साबुदाण्याची कडक खळ घातली, बाल्कनीत वाळत टाकल्या. एकदा तिनं आवाज चढवू दे — राजसलाही कळू दे काय ध्यान आहे ते. ती आली, बघितलं, पांढरीफटक पडली आणि खोलीत गेली. भांडलीसुद्धा नाही.

राजस मात्र माझ्यावर तुटून पडला. "आई, तिचे बाबा याच दिवसांत बोट घेऊन गेले. परत आलेच नाहीत. तू मुद्दाम केलंस ना?"

मला कुणी सांगितलं होतं? साड्या ओल्याच काढल्या. पण तिच्यासमोर चूक कबूल करणार नाही.

१० मार्च

राजसनं माझं तिकीट अलीकडे आणलं. चौदाचं. मला न विचारता! पोटचा मुलगा. तिनंच कान भरले असणार, दुसरं कोण.

१४ मार्च, विमानतळ

राजस आला नाही. मीटिंग म्हणे. बॅगा तिनं ओढल्या. जाताना आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "एप्रिलचं रद्द. राजसला सांगितलंय मी. आई, तुम्ही परत येईपर्यंत सही करणार नाही."

म्हणजे मी आलेच नाही की मोडलं लग्न. हेच तर हवं होतं मला.

मेलीनं सगळं माझ्याच गळ्यात घातलं.