रांगेतलं नाव

३ सप्टेंबर
संगणकांवरच्या कामांच्या रांगेत आज आमच्या मयुरीचं नाव नाही. दहावा दिवस. बाकी सगळे आहेत — हवामानवाले, भूकंपवाले, उसाच्या रोगावर संशोधन करणारे बारडोलीचे ते गृहस्थ, जे रोज फोन करून विचारतात, "माझं कुठवर आलं?" लेक बाळंतपणाला आल्यासारखी काळजी!

५ सप्टेंबर
नाही.

१२ सप्टेंबर
आलं! दुपारी सव्वातीनला. "मयुरी — काम १०१ — तुकडे एकोणीस हजार — अंदाजे एकवीस दिवस." चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सिकल सेलच्या रक्तावर कोणतं औषध बसेल ते पाहायचंय, असं अर्जात होतं. दिवाळीआधी निकाल हवा, नाहीतर प्रकल्पाची मुदत संपते.

पूर्वी तिच्या कामांना नावं असायची. भरीत-२, शेवभाजी-४, कळण्याची भाकरी-७. तिच्या आईच्या हातचं एकेक. ही जाऊन सहा वर्षं झाली, पण रांगेत जेवण वाढलेलं दिसायचं. श्रावणापासून नुसते आकडे. रागावली असेल का? दोन वर्षं रागावलेलीच आहे म्हणा. रागावरचा राग ओळखावा कसा? शास्त्रात सोय नाही.

माघात पुण्याच्या तिच्या संस्थेकडून अर्ज आला तेव्हा त्यावर व्यवस्थापक म्हणून माझंच नाव छापलेलं होतं. तिने वाचलं असणारच. तरी अर्ज केला. एवढ्या आधारावर मी आठ महिने काढलेत!

१५ सप्टेंबर
गजेंद्रने आज विचारलं, "साहेब, हाऊ ग्रिड ग्रिड काय शे?" गजेंद्र आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. शहरातल्या लिंबायत वस्तीत राहतो, वीस वर्षं पॉवरलूमवर काढून इकडे आला. सांगितलं — अकरा कॉलेजांतले संगणक मुलं गेली की रिकामे बसतात. कुणा संशोधकाचं भलंमोठं गणित घ्यायचं, हजारो तुकडे करायचे, रिकाम्या यंत्रांना वाटायचे, उत्तरं गोळा करून परत द्यायची. हे वाटप करणारं जे मधलं सॉफ्टवेअर, ते मी बनवतो.

"म्हणजे मुकादम शे ना तो!"

धुळ्याच्या पाठशाळेत नऊ वर्षं संस्कृत व्याकरण घोकलं ते मुकादम व्हायला. असो. व्याख्या निर्दोष आहे.

पण नंतर टोचत राहिलं. माझा मुकादम यंत्राला दोनच गोष्टी विचारतो — रिकामा आहेस का? किती पेलशील? कुणाचा, कुठला, विचारत नाही. हे नियम मीच लिहिले. आणि मयुरी सुशांतला घेऊन आली तेव्हा मी काय केलं? तिच्याच प्रयोगशाळेतला, तिच्याच प्रकल्पावरचा मुलगा. घर इथलंच, लिंबायतचं. आजोबा भिवा अकोल्याहून गिरणीत आलेले. बौद्ध घर. मी आडनाव विचारलं. चहा येईपर्यंत मूळ गाव विचारलं. चहा झाल्यावर पुन्हा आडनाव. जात विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून आडनाव! तो दोन्ही वेळा शांतपणे सांगत होता.

मयुरी कपबशा उचलता उचलता म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारत नाही आहात. तपासताय."

लग्नाला बोलावलं नाही. कळवलं.

२२ सप्टेंबर
घट बसले. काम १०१ — सत्तेचाळीस टक्के.

२६ सप्टेंबर
सहासष्ट. सगळं शहर गरब्यात. भूपेंद्रभाई — आमचे विभागप्रमुख — म्हणाले, "पंडितजी, चालो ने!" म्हटलं, माझं टक्केवारीभोवती फिरणं चालू आहे, तेवढं पुरे.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कुठे बोलणार नाही. मुकादम मयुरीचं काम अकरा कॉलेजांत वाटत होता. मी त्याला थांबवलं. सगळे तुकडे आमच्याच प्रयोगशाळेतल्या एकशेवीस यंत्रांवर घेतले. तयार उत्तरं रोज मुख्य यंत्रावर उचलायची असतात, तेही केलं नाही — घरचंच तर आहे, शेवटी एकदम उचलू. जाताना रांगांमधून एक फेरी मारतो. पंखे घरघरत असतात. तिचं काही तरी इथे आहे, एवढं वाटतं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. पंच्याण्णव टक्के! दारावर नोटीस लावली — 'संगणक बंद करू नयेत.' उद्या सुट्टी, यंत्रं पूर्ण मोकळी. परवा सकाळी निकाल तिच्याकडे.

३ ऑक्टोबर
गेलं. सगळं.

सकाळी दार उघडलं तर शांतता. एकही पंखा नाही. प्रत्येक पडद्यावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. एकशेवीस फुलं! परवा मी गेल्यावर गजेंद्रने पूजा मांडली आणि मेन स्विच खाली केला. आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं बंद झाली की आतलं सगळं पुसून टाकतात — मुलांनी भरलेला कचरा जावा म्हणून तशी ठेवलीत. एकोणीस दिवस पुसले गेले.

गजेंद्र प्रसादाची वाटी घेऊन उभा. "साहेब, वरीसभर राबतस बिचारा. दसराले तरी दम खाऊ द्या! लूमवर आम्ही असंच करूत."

"नोटीस वाचली नाहीस?"

"वाची ना. नोटीस रोजनी शे. दसरा रोज येस का?"

भूपेंद्रभाई आले, "फरीथी चालु करी दो ने, एमां शुं?" पुन्हा लावलं. अकरा कॉलेजांत वाटून, जसं मुकादमाला पहिल्यापासून करायचं होतं तसं. दिवाळीआधी होईल की नाही, सांगता येत नाही.

गजेंद्रला कळलं की काम माझ्या लेकीचं होतं. "मन्हामुये गयं?" म्हणून खाली बसला. म्हटलं, नाही रे. तू अकरातली एक प्रयोगशाळा बंद केलीस. सगळं एकीत कोंबलं ते मी. वाटून दिलं असतं तर अकरावा हिस्सा गेला असता.

४ ऑक्टोबर
काम बुडालं तर ज्याचं त्याला चोवीस तासांत कळवायचं, हा नियम. दोन वर्षांत तिला एक ओळ लिहिली नाही, आणि पहिलं पत्र हे!

पहिला मसुदा — 'आपले कार्य तांत्रिक कारणास्तव खंडित झाल्याचे कळविण्यास अत्यंत खेद होतो.' वाचून माझाच मला राग आला. दुसऱ्यात गजेंद्रचा उल्लेख होता. खोडला. तिसरा तसाच पाठवला, तिच्या ग्रिडवरच्या खात्याच्या पत्रपेटीत:

'मयुरी, काम गेलं. पुन्हा लावलंय. चूक माझी. तुझं आहे म्हणून जवळ ठेवलं, आणि म्हणून गेलं. सुशांतला दोनदा आडनाव विचारलं तीही चूक माझीच. ती भेट पुन्हा लावता येत नाही. — बाबा'

बटण दाबलं आणि वाटलं, परत घ्यावं.

५ ऑक्टोबर
उत्तर नाही.

६ ऑक्टोबर
नाही. काम १०१ — अठरा टक्के.

७ ऑक्टोबर
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

'बाबा, ही पत्रपेटी श्रावणापासून मी उघडतो. मयुरी रजेवर आहे, तिच्या नावाने कामं मीच लावत होतो. त्यामुळे तुमचं पत्र आधी मीच वाचलं. मग तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मुलगी झालीय, पाच आठवड्यांची आहे. या. नाव अजून ठरलेलं नाही. आडनाव ठरलंय. — सुशांत'

शेवटची दोन वाक्यं लेकीची असणार. टंकन जावयाचं.