सुनेची वकिली

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज पण बाटली भरलेलीच परत आली! सकाळी फिल्टरचं पाणी मी भरून देते, संध्याकाळी मीच तुळशीत ओतते. वकिलीणबाईंना घोटभर प्यायला फुरसत नाही. लखनला म्हटलं, बायकोला विचार, हर्षदा पाणी का पीत नाही? तो म्हणे, "आई, मला मिलमध्ये कमी कटकट आहे का?" नवरा म्हणे हा!

लग्नाला दोन वर्षं झाली. घरात पाळणा नाही, काळा कोट मात्र इस्त्रीचा. पर्वत पाटिया भागात एका मोठ्या गुजराती वकिलाच्या ऑफिसात जाते – सहा पुरुष आणि ही एकटी. कशाला?

शुक्रवार, ७

शेजारच्या कमलला बाटलीचं सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "वं माय! तुन्ही सून येगळं ऱ्हावाकरता नवस करी ऱ्हायनी!" खरं असेल. निर्जळ धरलाय हिने – माझ्या घरातून निघायला! सप्तशृंगीपुढे बसले. आई, चाळीस वर्षं तुझे मंगळवार करते, तू हिचं ऐकशील?

सोमवार, १०

आज बाटली भरून दिली नाही. हर्षदाने मागितलीही नाही.

मंगळवार, १८

हर्षदा तापाने फणफणली. लघवीला जळजळ, कंबर धरून रडत होती. डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं – "सुनेला पाणी प्यायला देता की नाही?" मला!

घरी आल्यावर तिने सांगितलं. ऑफिसातल्या संडासाची चावी साहेबांच्या टेबलात. पुरुष खाली कुठेही जाऊन येतात, हिने मागायची – सगळ्यांसमोर. साहेब म्हणतात, "फरी पाछुं? पाणी ओछुं पियो ने!" परत? पाणी कमी प्या म्हणे! मग सहाही जण हसतात. म्हणून पिणंच सोडलं. नवस-बिवस काही नाही.

वकिलांच्या महिला समितीकडे अर्ज दिलाय म्हणे. संडासासाठी अर्ज! म्हटलं, "सोड ती वकिली. अब्रू तरी राहील."

"आई, अब्रू माझी नाही गेली. हसणाऱ्यांची गेली."

तोंड बघा!

शुक्रवार, २१

ती झोपलेली होती. तिची ऑफिसातली पुस्तकं आणायला मीच गेले. साहेबांना सांगितलं, आता ती येणार नाही. लगेच थंडा मागवला. म्हणाले, "सारुं कर्युं, बा. बैरां घरमां ज शोभे." बायका घरातच शोभतात – वर्षभर मी हेच म्हणत आले, पण त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

एक गुजराती कागद पुढे केला. पुस्तकं मिळाल्याची पोच म्हणे. मला गुजराती येते ती दुकानांच्या पाट्यांपुरती. पण विचारायचं कसं? मॅट्रिक आहे मी, अंगठेबहाद्दर नाही! ऐटीत सही केली.

मंगळवार, २५

साहेबांनी तो कागद समितीला दिलाय. हर्षदाने नक्कल आणून वाचून दाखवली – सून राजीखुशीने काम सोडते. आजार घरकामाच्या त्रासाने झाला. ऑफिसबद्दल तक्रार नाही. खाली माझं नाव, वळणदार अक्षरात.

ओरडली असती तर बरं. एवढंच म्हणाली, "त्यांना साक्षीदार माझ्या घरातच मिळाला."

लखन मध्ये पडला – "आईला काय बोलते? तिला काय कळतं?" त्याच्यावरच खेकसले – "तू गप!"

बुधवार, २६

महाशिवरात्र. साबुदाणा भिजवलाच नाही. मला फसवलं, हे खरं. पण मी गेले कशाला होते? महादेवाला हे कोणत्या तोंडाने सांगू?

सोमवार, ३ मार्च

समितीपुढे गेले. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "बा, सही तमारी ज ने?" म्हटलं, "माझीच. कागद खोटा. पण सुनेला घरी बसवायला मी आपल्या पायांनी गेले होते, ते खरं. तेही लिहून घ्या." लिहून घेतलं. हर्षदा तिथूनच कोर्टात कामाला गेली. मी एकटीच घरी परतले.